शर्यतीसाठी नाच

कोलंबियातल्या काली शहरात, जिथे पोरंटोरंही साल्सा नाचतात, तिथे जन्मून न नाचणारा माणूस म्हणजे एवेलिओ. लग्न असो, बारसं असो, बायको नोएमी हात पुढे करायची आणि हा म्हणायचा, "नको गं, गुडघा दुखतोय." रविवारी मात्र तोच गुडघा घेऊन नदीकाठाने मैलोन्‌मैल पळायचा.

यंदा धावण्याच्या शर्यतीच्या तोंडावर गुडघा खरंच दुखायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुसतं पळून भागत नाही. जोडीला नाचाचा व्यायाम करा."

मग काय, स्वारी निघाली बागेतल्या वर्गाला. "काका, कंबर घरी ठेवून आलात का?" शिकवणारी युरानी ओरडायची. पण हळूहळू कंबर हलली आणि गुडघ्याचं दुखणंही थांबलं.

आज तो छान गिरकी घेत होता, तर समोर बाजाराची पिशवी घेऊन नोएमी उभी! त्याला वाटलं, आता ही हरखून जाणार. पण तिने पिशवी खाली ठेवली नि कपाळाला आठी घातली.

"अगं, हे शर्यतीसाठी आहे," तो घाईने म्हणाला.

"अस्सं. शर्यतीसाठी येतं होय नाचता?"

एवेलिओ गोंधळला. नाचलो नाही तेव्हा रुसली, आता नाचतोय तर हिच्या डोळ्यांत पाणी का? त्याने हात पुढे केला. "चल, ये."

"नको. गुडघा दुखतोय."

"तुझा? कधीपासून?"

पिशवी उचलत ती म्हणाली, "लग्नापासून."