फिकट पेशी

मायक्रोस्कोपखालच्या काचपट्टीला पांढरी चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्यावर नुसता आकडा – सतरा. हा मेंदू कुठल्या उंदराचा, त्यातलं जनुक बंद केलेलं की तसंच राहू दिलेलं, हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून बाकी सगळं झाकलेलं. यादी सरांच्या खणात, कुलपात. मेंदूचे काप मात्र सगळे धाकटीने केलेले. इतके सुबक, इतके एकसारखे... की थोरलीला बघवेना.

धाकटी दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत आली आणि थोरली आपोआपच थोरली झाली. पूर्वी सर दारातूनच ‘जरा येता का?’ म्हणून तिला हाक मारायचे. आता ती हाक पलीकडच्या टेबलाकडे जाते आणि थोरली ऐकूच न आल्यासारखं करते. तेही तिने गिळलं असतं. पण जनुक तिचं होतं! अकरा वर्षांपूर्वी तिनेच दाखवलं होतं, की गर्भातल्या मेंदूत ते अखंड बोलत असतं – वाढा, सरका, आपापल्या जागा धरा – आणि जन्मानंतर गप्प होतं, कायमचं. ‘कायमचं’ हा शब्दही तिचाच. त्या एका वाक्यावर तिची नोकरी उभी होती, आल्यागेल्याला सासूबाई ज्या तोऱ्यात ‘आमची सून मेंदूवर काम करते’ म्हणायच्या तो तोराही. आणि आता ही कालची पोर म्हणते, गप्प नाही, कुजबुजतं. मोठेपणीही झोपलेल्या मूळपेशींना उठवतं, म्हणून म्हाताऱ्या मेंदूतही नव्या चेतापेशी जन्मतात. रंगवलेल्या कापात नव्या पेशी हिरव्या दिसतात. जनुक चालू असलेल्या मेंदूंत त्या जास्त निघाल्या की धाकटी खरी.

सकाळपासून थोरली मोजत होती. ठळक हिरवी दिसली की धरायची. फिकट दिसली की... छे, डाग असेल. हीही डागच. मी काही खोटं करत नाहीये, मी फक्त काटेकोर आहे – आणि काटेकोरपणाबद्दल आजवर मला कुणी नावं ठेवलेली नाहीत.

“ताई, चहा.” धाकटीने कप जरा लांबच ठेवला, काचपट्ट्यांपासून सांभाळून. “डोळे दुखत असतील ना?”

“सवय आहे.”

“आम्हाला तर फिकट पेशी दिसतच नाहीत हो. सरांना मीच म्हटलं, मोजायचं तर ताईंनीच मोजायचं. पेशी नाही असं त्यांनी म्हटलं, तर ती नाहीच.”

धाकटी गेली. थोरलीचा जळफळाट तेवढ्याने कमी झाला नाही. उलट, हिला चांगुलपणासुद्धा जमतो, याचाच राग आला. मग एकदम तिच्या ध्यानात आलं – काप दोन्ही गटांतले, जनुक बंद केलेले आणि चालू ठेवलेले, धाकटीचेच! सकाळपासून आपण हात आखडता घेतला तो सगळ्यांच्याच बाबतीत सारखा. दोन्हीकडचे आकडे खाली येतील, फरक तसाच राहील. तिला हायसं वाटलं आणि लगेच लाजही वाटली. एवढा दुस्वास केला, तोही फुकट!

पण जनुक जर नुसतं कुजबुजत असेल, तर त्याने उठवलेल्या पेशी ठळक कशा असतील? फिकट... त्याच फिकट असल्या तर? म्हणजे आपण नेमक्या त्याच गाळत आलो...

तिने सकाळचे सगळे आकडे खोडले आणि सतरा नंबर पुन्हा पहिल्यापासून घेतला. दुसऱ्याच चौकटीत एक पेशी होती, अगदी पुसट. धरली, तर धाकटीवर उपकार केल्यासारखं झालं असतं. सोडली, तर पुन्हा तेच. खरंच आहे का ती तिथे? थोरलीने भिंग फिरवलं, उजेड कमी केला, वाढवला. अकरा वर्षांत या डोळ्यांना तिने कधी काही विचारलं नव्हतं. ते सांगत, ती लिहीत असे. धाकटी खरी ठरेल याची भीती आता तिला वाटेनाशी झाली होती. पूर्वी मनात काही न येता आपल्याला नुसतं दिसायचं, तसं आता दिसत नाही, एवढंच तिला कळत होतं, आणि पलीकडे धाकटी कुणाशी तरी हसत होती.