विसरवाडीच्या फाट्यावरची गणती

नवल पाटलाला विसरवाडीच्या फाट्यावर नेऊन बसवलं ते प्रोफेसर रिसबुडांनी. साल सदतीस, दिवाळी नुकतीच सरलेली. नवल शहाद्याकडच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा. पुण्यात अर्थशास्त्र घेऊन एम.ए. झाला आणि रिसबुडांच्या हाताखाली संशोधनाला लागला, त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. विषय होता रेल्वे, मोटार आणि बैलगाडी यांची चढाओढ. उद्या सरकारला कुठला रस्ता वाढवायचा आणि कुठला नाही हे ठरवायचं झालं, तर हाताशी आकडे हवेत.

"तू खानदेशचा, तिथली बोली तुला येते. तुझ्याशिवाय हे कोण करणार?" रिसबूड म्हणाले होते. नवलच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. ते उतरायला दोन आठवडे पुरले.

फाट्यावर भिकुबाईचं चहाचं हॉटेल होतं. तिच्या चिंचेखाली नवलने टेबल मांडलं, डोक्यावर हॅट घातली, समोर घड्याळ ठेवलं आणि छापील तक्ता उघडला. वाहन कोणतं, कुठून आलं, कुठे चाललं, माल काय. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. डोंगरातल्या गावांतून बांबू, इमारती लाकूड, जळण भरलेल्या गाड्या या फाट्यावरून नवापूरच्या स्टेशनाकडे जायच्या. पहिल्या दिवशी एकशे त्रेचाळीस गाड्या झाल्या. नवल खूष. रात्री त्याने आकडा दोनदा गिरवला.

दुसऱ्या दिवशी नव्वद. चौथ्या दिवशी बावन्न. ज्या येत त्यांचे गाडीवानही धड बोलत नसत.

"गाव कोणतं, दादा?"

"लांबनं."

"गाडीत काय शे?"

"काही नही."

मागे बांबूची टोकं हातभर बाहेर आलेली, आणि म्हणे काही नाही! नवल त्या कप्प्यात 'बांबू' लिही आणि दात ओठ खाई. दुसरा आठवडा संपला तेव्हा दिवसाला एकोणीस गाड्या उरल्या होत्या.

मोटारींचं मात्र उलटं. मोतीलाल म्हणून नवापूरचा एक जण धुळ्याकडे मोटार चालवायचा. त्याला कुणीतरी सांगितलं, की पुण्याचा साहेब मोजतोय, आकडा मोठा दिसला तर आणखी एक परवाना मिळेल. झालं. त्याची मोटार दिवसातून एकदा जायची ती चारदा जायला लागली. उतारू असोत नसोत. टेबलासमोर आली की हळू व्हायची, मोतीलाल खिडकीतून हात काढून ओरडायचा, "मास्तर, लिखी ना?"

"अहो, रिकामी गाडी कशाला फिरवता?" एक दिवस नवल उठून त्याच्या अंगावर धावलाच.

"तुन्हा तक्तामा रिकामानं खानं शे का?" मोतीलालने विचारलं. तसा कप्पा नव्हता. नवल परत येऊन बसला आणि मोटारीच्या रकान्यात रेघ ओढली.

दर शनिवारी तक्ते पुण्याला जात. तिसऱ्या आठवड्यात रिसबुडांचं कार्ड आलं: 'उत्तम. मोटार वाढते तशी गाडी घटते, हा माझा कयास आकड्यांनी सिद्ध होतो आहे. जानेवारीच्या परिषदेत निबंध वाचणार. चालू ठेवा.'

नवलने कार्ड टेबलावर आपटलं. भिकुबाई कपबशा विसळत होती, तिने मान वर केली.

"काय व्हयनं, भाऊ?"

"माय, वीस दिवसात शंभर गाड्या मोटारीनं खाल्ल्या म्हनतस पुण्याले! त्या लोके बैल इकीसन मोटारमा बठनात का?"

भिकुबाईने हात पुसले. "तुले खरंच मालूम नही? तू आठे बठेल शे म्हनीसन त्या येतस नही. टोपी, टेबल, कागद... लोकेसले वाटस आते आठे जकातना नाका बठी. नदीमाईन जाई ऱ्हायनात सम्दा."

नवलला हसू यायच्याऐवजी अशी चीड आली, की त्याने हॅट काढून चिंचेच्या बुंध्यावर भिरकावली. वीस दिवस उन्हात बसून आपण गाड्या मोजत नव्हतो, हाकलत होतो!

"मले ती वाट दखनी शे."

दुसऱ्या दिवशी तिला जळण घालायला होळ्या आला. होळ्या वरच्या पाड्यावरचा, कोकणी जमातीचा आदिवासी शेतकरी, चाळिशीचा, अंगाने काटक. भिकुबाईने त्याला बाजूला घेऊन बराच वेळ समजावलं. शेवटी तो नवलजवळ येऊन म्हणाला, "ये. कागद नको."

होळ्याच्या गाडीत बसून नवल निघाला. रस्ता सोडल्यावर अर्धा कोस पळसाच्या झाडीतून, मग सरळ नदीच्या पात्रात. वाळूत चाकं रुतत, बैल तोंडाला फेस आणून ओढत. जिथे फारच रुते तिथे लोकांनी बांबूचे तट्टे अंथरले होते. दुपारपर्यंत नवलने मनातल्या मनात सत्तर गाड्या मोजल्या. एका चढावर होळ्याचा एक बैल गुडघ्यावर बसला, तेव्हा चार गाडीवान आपापल्या गाड्या सोडून धावले. नवलही खाली उतरला आणि चाकाला खांदा लावला.

गाडी वर आल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "अरे, वर पक्की सडक पडलीये! मी नाक्याचा माणूस नाही. नुसता आकडा लिहितो. इतके हाल कशाला करता?"

होळ्या बैलाचा गुडघा चोळत होता. "मन्हा आजाना टाइमले साहेब लोक आलथात. साखळी धरीन जंगल मोजं. बोलले, नुसतं मोजतो. मग जंगल बंद झालं." तो उभा राहिला. "तू चांगला असशी. कागद कोनाकडे जाई, तुले मालूम शे?"

नवलला मालूम नव्हतं. खरंच नव्हतं. सहा वर्षं पुण्यात शिकलो आणि या प्रश्नाला उत्तर नाही, याचा त्याला स्वतःचाच राग आला.

"ही वाट मी लिहिणार नाही," तो म्हणाला.

होळ्याने नुसती मान हलवली आणि बैल हाकले.

पुण्याला पोचल्यावर नवल तडक रिसबुडांच्या खोलीत गेला. निबंध लिहून झाला होता. आलेख शाईने काढून भिंतीवर लावला होता: एक रेघ वर जाणारी, एक खाली.

"सर, हे आकडे खोटे आहेत. गाड्या कमी झाल्या नाहीत. मला चुकवून दुसरीकडून जातात. आणि मोटारी वाढल्या म्हणजे एकच मोटार चारदा जाते."

रिसबुडांनी चष्मा काढला. "दुसरीकडून म्हणजे कुठून?"

"ते सांगता येत नाही."

"येत नाही की सांगायचं नाही?"

"सांगायचं नाही. मी शब्द दिलाय."

"पाटील, नकाशावर वाट दाखव, मी आज निबंध बदलतो. ठिकाण नाही, साक्ष नाही, तर ही चहाच्या दुकानातली गप झाली. शास्त्र असं चालत नाही!"

"आणि रिकामी मोटार मोजून चालतं?"

आपण फार बोललो हे नवलला कळलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटेनात. त्याने टेबलावरचे तक्ते ओढले, प्रत्येकावर आडवं 'भरवशाचे नाहीत' असं लिहिलं आणि खाली सही केली. वीस दिवसांचे वीस तक्ते. परिषदेत निबंध वाचला गेला नाही, आणि नवलचं प्रबंधाचं एक वर्ष बुडालं.

ते वर्ष त्याने खानावळीच्या खोलीत चरफडत काढलं. रिसबुडांवर, मोतीलालवर, होळ्यावरही. शब्द पाळून काय मिळालं, हे त्याला कुणी विचारलं असतं तर तो भांडायलाच उठला असता. मग एके दिवशी नवापूरचा नकाशा बघता बघता त्याने कपाळावर हात मारून घेतला. गाड्या सडकेने जावोत की नदीतून, उतरतात कुठे? स्टेशनाच्या वखारीतच ना! तिथे मोजायचं सोडून आपण फाट्यावर टेबल कशाला थाटलं? इतकी साधी गोष्ट! रिसबुडांना सुचली नाही आणि आपल्यालाही नाही.

दुसऱ्या हंगामात तो नवापूरच्या वखारीत जाऊन राहिला. टेबल नाही, हॅट नाही. लाकूड उतरवणाऱ्यांत मिसळायचा, गाडीवानांबरोबर भाकर खायचा. गाव कुणाला विचारायचं नाही, वाट तर मुळीच नाही. दिवसाला दीडशेच्या वर गाड्या भरत होत्या. मोटारीने त्यातली एकही खाल्ली नव्हती.

प्रबंध घेऊन तो गेला, तेव्हा रिसबुडांनी तो आठ दिवस ठेवून घेतला. नवव्या दिवशी बोलावलं.

"एकोणसत्तराव्या पानावर बेरीज चुकली आहे," ते म्हणाले. "तीनाने."

"बाकी?"

"बाकी ठीक आहे. टंकलेखनाला दे."

नवल जिना उतरून खाली आला आणि पायरीवरच बसून तीनाची चूक शोधायला लागला.