योसेफापर्यंतची नावं

हिंगोलीच्या विजयकुमारांनी निवृत्तीनंतर घर बांधलं, तेव्हा दारापाशी घराण्याची वंशावळ कोरलेला दगड बसवायचं त्यांच्या मनात आलं. त्यांच्या आजोबांनी पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतला, तिथून खाली सगळी नावं. नाताळाला नातेवाईक जमणार होते. त्याआधी दगड लागायला हवा होता.

नावं कागदावर मांडून त्यांनी मुलाला, संतोषला दाखवली. आखाडा बाळापूरला शिक्षक असलेला संतोष बायकोला, संगिताला, घेऊन सुटीला आला होता. संगितानंही कागद खालपर्यंत वाचला. संतोषच्या नावाखाली काहीच नव्हतं.

"बाबा, सपनाचं नाव राहिलं," ती म्हणाली.

सपना ही त्यांची चार वर्षांची मुलगी, तीही सुटीला आलेली. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल झालं नाही, तेव्हा दोघांनी तिला रीतसर दत्तक घेतलं होतं. विजयकुमारांचा तिच्यावर फार जीव. ती आली की तिला भरवल्याशिवाय ते जेवत नसत. तरी ते म्हणाले, "राहिलं न्हाई, सूनबाई. पोरगी आपलीच आहे. पण वंशावळ रक्ताची असते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिघं बाळापूरला निघाले. जाताना संतोष एवढंच म्हणाला, "नाताळाला आमी येणार न्हाई, बाबा."

त्याच आठवड्यात विजयकुमारांची थोरली बहीण चांगुणाबाई शिरड शहापूरहून आली. तिची सगळी हयात शाळेत शिकवण्यात गेलेली. घडलं ते तिनं नीट ऐकून घेतलं. संध्याकाळच्या प्रार्थनेला ती म्हणाली, "विजू, बायबल काढ. मत्तयाचा पहिला अध्याय वाच."

"त्यात नुसती नावं आहेत, अक्का. आपण दरवर्षी ती सोडूनच वाचतो."

"म्हणूनच वाच."

विजयकुमार वाचू लागले. अब्राहामापासून दावीद राजापर्यंत, तिथून बाबेलच्या बंदिवासापर्यंत, अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका. मरीयेचा नवरा योसेफ, त्याच्या नावापाशी अक्कानं त्यांना थांबवलं.

"योसेफाला येशू झाला, असं लिहिलंय का?"

"न्हाई. मरीयेपासून झाला."

"मग पिढ्यान्‌पिढ्यांची नावं योसेफापर्यंत काहून आणली? रक्ताचं नातं तर तिथंच थांबलं."

विजयकुमारांनी पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवलं.

"पुढं वाच. बाळाचं नाव ठेवायला देवदूतानं कुणाला सांगितलं?"

"योसेफाला."

"त्यानं नाव ठेवलं, म्हणजे बाळाला आपलं म्हटलं. त्याच्या घराण्यावरून तर आपण ख्रिस्ताला दावीदाचा पुत्र म्हणतो. आणि मधी ती रूथ बघ. परक्या मवाब देशातली विधवा सून, तिचंबी नाव आहे. तुझ्या कागदावर ना आपली आई, ना मी." ती हसली. "माझं सोड. त्या लेकराचं काय करतो?"

विजयकुमारांनी चष्मा काढून पुसला.

सकाळी ते एसटीनं बाळापूरला गेले. संगितानं पाणी आणून दिलं.

"सूनबाई, चुकलं माझं. सपनाचं नाव लिहितो. तुझं लिहितो, माझ्या आईचं, अक्काचं लिहितो."

"दगडावर लिहाल, बाबा. पण चार पाहुण्यांत कुणी विचारलं, ही आणलेली ना, तर काय सांगाल?"

तेवढ्यात सपना आतून आली आणि सरळ त्यांच्या मांडीवर बसली. तिच्या केसांवरून हात फिरवत ते म्हणाले, "सांगेन, व्हय, आणली. आणि आणली तेव्हापासून माझी नात आहे. येशू योसेफाचा होता ना, तशीच बराबर."

संगितानं तोंड वळवून डोळे टिपले. मग चहा ठेवायला उठली.

नाताळाला तिघंही आले. नव्या दगडावर सपनाचं नाव वाचून दूरच्या एका मावशीनं खरंच विचारलं, "ही आणलेली ना?" विजयकुमारांनी तेच उत्तर दिलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मावशी क्षणभर ओशाळली. मग तिनं सपनाच्या हातावर करंजी ठेवली आणि तिला जवळ ओढून म्हणाली, "मग माझी कोण लागते गं तू?"

वाचकहो, शास्त्रातली नावांची जी पानं आपण भरभर उलटतो, त्यांत केवढा मोठा धडा आहे! घराणं रक्तानं सुरू होत असेल, पण ते पुढं चालतं एकमेकांना आपलं म्हटल्यानं. तुमच्या आमच्या घरातही एखादी सून, एखादी लेक, एखादं पोटी न आलेलं लेकरू आपल्या नावाची वाट पाहत असेल. त्याला चारचौघांत आपलं म्हणा.