पर्समधल्या फोनातली खुर्ची

“बोला, लाइन जोडलीय,” असं म्हणून मी मोबाइल बंद केला. सून बघतच राहिली.

“अहो आई, बंद का केलात? मावशी ‘हॅलो’ म्हणाल्या की!”

म्हणाली खरी. मग मी बंद का केला? चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांना जोडून दिलं आणि बाजूला झाले. दुसऱ्यांचं ऐकायचं नाही, कॉलची तीन मिनिटं झाली की तेवढं विचारायचं, “वाढवू का?” पण आज बोलणारी मीच होते ना? डोक्याचा नुसता भुगा झाला.

पलीकडे लंबू होती, माझ्या शेजारच्या खुर्चीवरची ऑपरेटर. उद्या तिच्या घशाचं ऑपरेशन. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टरही सांगेनात. आणि आमचा अबोला चाळीस वर्षांचा!

भांडण कशावरून, तर एका चित्रावरून. ऑफिसात स्पर्धा होती, ‘उद्याचा टेलिफोन’. आम्ही दोघींनी मिळून पर्समध्ये मावणारा फोन काढला. छत्रीच्या काडीसारखी एरियल, समोरच्याचा चेहरा दिसायला पावडरच्या डबीतला आरसा. मग मी आत एक इवलीशी खुर्ची काढून तिच्यावर ऑपरेटर बसवली.

“ही कशाला?” लंबू म्हणाली.

“अगं, मग जोडणार कोण?”

“कोणी नाही. आपली गरजच उरणार नाही.”

माझं टाळकंच सरकलं. “तुला खुर्ची जड झाली असेल तर ऊठ की!” सगळ्यांदेखत बोलले. ती उठलीच. दुसऱ्या ऑफिसात बदली करून घेतली. बक्षीस मला एकटीला मिळालं; ते मी कपाटातून कधी बाहेर काढलं नाही.

मोबाइल वाजला. आता कुठं दाबायचं? सुनेनं दाबून माझ्या कानाला लावला.

“काय गं, कुणाला जोडून दिलंस?” आवाज पार घोगरा झाला होता. “मी आपली वाट बघतेय, कोणीतरी बोलेल म्हणून.”

चाळीस वर्षं घोकलेलं सगळं विसरले. भलतंच विचारलं, “मध्ये कोणी आहे का गं?”

“कोणी नाही. आपण दोघीच.”

“चुकलं माझं, लंबू.”

ती हसली, खोकली, मग बोलत सुटली. नवरा, सुना, दुखरे गुडघे, सगळं. मी पहिल्यांदाच लाइनवर थांबून ऐकत होते.

“तीन मिनिटं झाली बाई,” ती म्हणाली.

“वाढवून दे,” मी म्हणाले. “लंबू, अजून वाढवून दे.”