पांढऱ्या साडीतला चेहरा

जरा कल्पना करा. तुम्ही दहा वर्षांचे आहात, घरात मोठ्या बहिणीचं लग्न आहे आणि प्रत्येकाला काही ना काही काम मिळालेलं आहे. कुणी पत्रिका वाटतंय, कुणी तांदूळ निवडतंय, कुणी पाहुण्यांच्या गाद्या मोजतंय. तुम्हाला मात्र कुणी काहीच सांगितलेलं नाही. अशा वेळी तुम्ही काय कराल? कोपऱ्यात रुसून बसाल?

मीनल रुसली नाही. तिनं स्वतःच स्वतःला काम नेमून दिलं. ताई नवरी म्हणून कशी दिसेल, हे बघायचं काम.

तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. राज्य जेमतेम तीन-चार महिन्यांचं. जागोजागी पेंटर शिडीवर चढून पाट्यांवरचं ‘मध्यप्रदेश’ खरवडत होते आणि ‘छत्तीसगढ़’ लिहीत होते. मीनलचे बाबा, नत्थूजी, रेल्वेत फिटर होते आणि घर रेल्वे कॉलनीत. मोठी बहीण दीपमाला नव्या राजधानीच्या एका नव्या कार्यालयात टायपिस्ट म्हणून लागली होती. तिथली टेबलं इतकी नवी होती की ताई घरी आली की तिच्या बाहीला पॉलिशचा वास यायचा.

मीनलनं एक दोनशे पानी वही केली. रद्दीतल्या हिंदी मासिकांमधून नवऱ्या कापून तिच्यात चिकटवल्या. एकूण एक्केचाळीस. शेजारी पेन्सिलीनं ती सल्ले उतरवून घ्यायची. ‘बेसन, हळद आणि साय, आठवड्यातून दोनदा, चोळून नाही, हलक्या हातानं.’ ‘नवी क्रीम थेट तोंडाला लावू नये, आधी कानामागे लावून एक दिवस वाट बघावी.’ ‘नवरीनं रोज आठ तास झोपावं.’ या शेवटच्या सल्ल्यासाठी ती रोज साडेनऊला ताईच्या खोलीतला दिवा बंद करायची, आणि ताई रोज तिच्यावर ओरडायची.

वहीत एकच अडचण होती. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नवऱ्या लाल होत्या. फार तर गुलाबी, राणी, केशरी. पांढऱ्या साडीतली एकही नाही.

आणि ताई तर पांढरी साडी नेसणार होती. मीनलचं घर बौद्ध. त्यांच्याकडे नवरी लग्नाला पांढरी साडी नेसते. आई तशीच नेसली होती. बुद्धांच्या मूर्तीसमोर आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर पांढऱ्या कपड्यात उभं राहायचं, मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची आणि एकमेकांना हार घालायचे. मीनलला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. नवल वाटलं ते पंडरीच्या बाजारातल्या दुकानदाराला.

“लग्नासाठी पांढरी साडी,” असं आईनं म्हटल्यावर त्यानं एक जाडीभरडी, बिनकाठाची सुती साडी गादीवर टाकली आणि चेहरा गंभीर केला.

“शादी के लिए, भैया,” आई म्हणाली.

“शादी में सफेद?”

“हव, शादी में. दुल्हन के लिए. शोक वाली वापस रखो, और कपाट के ऊपर वाली उतारो.”

वरच्या फळीवरून शेवटी जी साडी उतरली, ती बघून मीनल पुढं सरकली. पांढरं रेशीम, निळे काठ आणि काठात जरीची बारीक ओळ. आईनं बोटांनी पोत चाचपला आणि ती ताईकडे बघून हसली. ताईही हसली. दुकानदार म्हणाला, “नहीं जमी तो शनिवार दोपहर तक बदल दूँगा.” तो असं का म्हणाला हे मीनलला कळलं नाही. कुणाला न जमण्यासारखी ती साडीच नव्हती.

पण त्याच आठवड्यात ऑफिसात डबा खाताना ताईची मैत्रीण रूपाली म्हणाली, “दीपा, सफेद? फोटो में दुल्हन दिखेगी कि नर्स?”

सगळ्या हसल्या. ताईही हसली. घरी येऊन तिनं तो किस्सा हसत हसतच सांगितला, पण सांगताना ती साडीच्या खोक्याकडे बघत नव्हती.

“आई, शुक्रवारी इंदूदीदीच्या पार्लरात मेकअपची ट्रायल आहे,” ती म्हणाली. “पांढऱ्यात चेहरा खुलला तर हीच नेसीन. नाही तर शनिवारी पंडरीला जाऊन लाल घेऊन येतो. रविवारी लग्नाले ऑफिसचे पंधरा लोक येऊन राहिले. मले नवरीसारखं दिसायचं आहे.”

“लगन तुझं आहे,” आई म्हणाली. “मी काहून अडवू?”

एवढं बोलून आईनं पुसलेलंच ताट पुन्हा पुसलं. मग आणखी एकदा. मीनल ते बघत होती. सगळं काही आता शुक्रवारवर येऊन थांबलं होतं.

इंदूदीदीचं पार्लर पुरानी बस्तीतल्या एका गल्लीत होतं. एकच खोली, भिंतभर आरसा, आरशाच्या कडेनं सहा दिवे. बावीस वर्षांत अर्ध्या बस्तीच्या नवऱ्या दीदीच्या हाताखालून गेल्या होत्या. तिला मराठी यायचं, हिंदी यायचं, छत्तीसगढ़ी यायचं, आणि कामात असली की ती तिन्ही एकाच वाक्यात बोलायची.

“बस दीपा. मान सीधी. अन् तू कोण, सुपरवायझर?”

“मी मीनल. मी वही आणली आहे.”

“वही आणली? मग मी काहून आली?”

दीदीनं लाल कापड झटकलं, ताईच्या गळ्याभोवती बांधलं आणि काम सुरू केलं. आधी चेहरा धुतला, मग फाउंडेशन, मग पफानं पावडर, मग डोळे, मग ओठ. मीनल स्टुलावर गुडघे टेकून बघत होती. दीदीची बोटं कुठेही घासत नव्हती, नुसती टेकत होती. तासाभरानं ताईनं डोळे उघडले आणि आरशात बघितलं. मीनलला वाटलं, वहीतली बेचाळिसावी नवरी समोर बसली आहे. ताईचे डोळे मोठे झाले होते, गाल चमकत होते.

“आता साडी नेसून दाखव,” दीदी म्हणाली.

ताई पडद्यामागे गेली, पांढरी साडी नेसून बाहेर आली.

चेहरा तोच होता, पण पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसत होता. गालांवर राख फासल्यासारखा रंग. मान एका रंगाची, तोंड दुसऱ्या रंगाचं. ताईनं आरशाकडे एकदाच बघितलं आणि नजर वळवली.

“मेकअपमध्ये काही कमी नाही,” इंदूदीदी म्हणाली. “हे पांढरं नवरीच्या तोंडावर मारते, बाई. मी तर म्हणतो, लाल घेऊन टाक.”

“हव,” ताई म्हणाली. “उद्या घेतो.”

घरी येईपर्यंत रिक्षात मीनलच्या डोक्यात एक प्रश्न फिरत राहिला. खुर्चीत बसलेली ताई इतकी छान दिसत होती, मग पडद्यामागे अशी काय जादू झाली? चेहऱ्याला तर कुणी हातही लावला नव्हता. मुलांनो, एखादी गोष्ट आधी बरोबर असेल आणि मग बिघडली, तर मधल्या वेळात काय बदललं ते शोधावं. मीनल तेच शोधत होती, पण तिला ते सापडत नव्हतं.

ते सापडलं शनिवारी सकाळी, अंगणात.

साडीची दुकानातल्यासारखी घडी घालायची होती, नाही तर दुकानदार परत घेणार नाही. आईनं एक टोक धरलं, मीनलनं दुसरं. आईनं पदराची कड हनुवटीखाली दाबून हात पसरले. ऊन चांगलं वर आलं होतं. मीनलनं सहज वर बघितलं आणि ती बघतच राहिली. आईचा चेहरा खालून उजळला होता, पाण्याच्या परातीवर वाकल्यावर उजळतो तसा. हनुवटीखालची सावली नाहीशी झाली होती. आणि अंघोळीनंतर आईनं गळ्याला लावलेली पावडर, रोज कुणाला दिसतही नाही ती, चुन्याच्या बोटांसारखी उठून दिसत होती.

साडी खोक्यात गेली. आईनं दोरीवरची वाळलेली लाल चादर ओढली आणि तीही तशीच हनुवटीखाली दाबली. झालं. आईचा चेहरा विटेसारखा लालसर झाला आणि गळ्यावरची पावडर दिसेनाशी झाली.

“आई, परत साडी धर.”

“काय परत धर? आत्ताच तर घडी घातली.”

“नाही, तुझी पावडर बघायची आहे.”

“पोट्टी पागल होऊन राहिली,” आई म्हणाली आणि चादर घेऊन आत गेली.

मीनल धावत ताईकडे गेली, पण तिला ते नीट सांगताच येईना. “कापड चेहऱ्यावर पडते,” ती म्हणाली. “कापडाचा रंग. खालून.” ताई चपला शोधत होती. बाहेर रिक्षावाला घंटी वाजवत होता. दुकानाची मुदत दुपारपर्यंतच होती. अशा वेळी दहा वर्षांच्या मुलीचं अर्धवट वाक्य कोण ऐकून घेणार? मीनलनं क्षणभर विचार केला.

“ताई, साडी बदलली हे इंदूदीदीला सांगायला नको? ती उद्या पांढऱ्याची तयारी करून बसेल.”

हे मात्र ताईला पटलं. “रस्त्यात सांगून पुढं जाऊ,” ती म्हणाली.

इंदूदीदी पार्लरच्या पायरीवर बसून चहा पीत होती. ताईनं लाल साडीचं सांगितलं. दीदीनं “चांगलं केलं” म्हटलं. आता ताई वळणार, तेवढ्यात मीनल पुढं झाली.

“दीदी, एक विचारू? काल ताईच्या गळ्यात ते लाल कापड काहून बांधलं?”

“कपडे खराब नको व्हायले म्हणून.”

“पण लालच काहून?”

“लिपस्टिकचे डाग दिसत नाही त्याच्यावर. अन् नवऱ्या तर सगळ्या लालवाल्याच असतात.”

“पण ताईची साडी लाल नव्हती.”

दीदी पुढचा घोट घ्यायला कप तोंडाशी नेत होती. तो तिथंच थांबला. तिनं मीनलकडे बघितलं, मग आत खुर्चीवर पडलेल्या कापडाकडे बघितलं, आणि कप पायरीवर ठेवून दिला.

“दीपा, आत बस.”

“दीदी, रिक्षा उभी आहे. दुकान बंद होईल.”

“राहू दे उभी. पोट्टीनं सवाल विचारला आहे, मले जवाब द्यायचा आहे. साडी काढ खोक्यातून.”

लाल कापड कोपऱ्यात गेलं. दीदीनं निळ्या काठांची साडी उघडून तिचा पदर ताईच्या खांद्यांवरून छातीवर पसरला. दिवे बंद केले आणि खिडकीचा पडदा बाजूला सारला. मग आपल्या डब्या उघडून ती मीनलशी बोलत बोलत काम करू लागली, जसं काही ताई तिथं नव्हतीच.

“हे बघ. ही डावी बाजू कालसारखी. लाल कापडापुढं चेहरा काळवंडते, म्हणून मी सगळ्या नवऱ्यांना फाउंडेशन एक नंबर उजळ लावतो. हाताला सवय झाली. आता उजवी. इथं तुझ्या ताईचा जो रंग आहे, तोच. ना उजळ, ना गडद. मानेचा रंग बघ, कानाचा बघ, अन् मग डबी उचल. पावडर अर्धी. पांढरं कापड स्वतःच उजेड देते, तर आपण कशाला पांढरं थापायचं? डोळे मात्र गहरे करू. अन् ओठ पण.”

“का?”

“साडी चूप आहे ना, तर डोळ्यांनं बोलावं लागते.”

अर्ध्या तासानं दीदी बाजूला झाली. ताईनं आरशात बघितलं. आधी उजवा गाल हातानं झाकला. डावीकडं कालची पिठाची नवरी होती. मग तिनं हात बदलला आणि डावा गाल झाकला.

उजवीकडं ताई होती. तिचाच गव्हाळ सावळा रंग, पण साडीचा उजेड खालून गालावर चढलेला. निळ्या काठाशेजारी डोळा इतका काळाभोर दिसत होता की मीनल स्टुलावरून उतरून आरशाच्या अगदी जवळ गेली. ताईनं हात पुन्हा बदलला. पुन्हा बघितलं. असं तीन-चारदा झालं. बाहेर रिक्षावाल्यानं घंटी वाजवली.

“बोल,” दीदी म्हणाली. “लाल आणायची का?”

ताई उत्तर द्यायच्या आधी साडीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. “आईनं तर तिच्या लग्नात काहीच मेकअप केला नव्हता,” ती म्हणाली. “नुसती पांढरी साडी, अन् एवढ्या लोकांसमोर सरळ उभी राहिली. मी रूपालीच्या एका बोलण्यानं घाबरली.” मग तिनं आरशातूनच मीनलकडे बघितलं. “ही साडी कुठं जात नाही.”

“मग उद्या सकाळी सहाला ये,” इंदूदीदी म्हणाली. “अन् या मास्तरणीला पण आण. माझ्या डोक्यात बावीस वर्षांत हे आलं नाही.” तिनं मीनलच्या नाकाच्या टोकाला पफ लावला आणि स्वतःच हसली.

ताईनं तोंड धुतलं. रिक्षात बसताना ती रिक्षावाल्याला म्हणाली, “पंडरी नहीं भैया, घर चलो.” साडीचं खोकं आता मीनलच्या मांडीवर होतं. वाटेत ताई एकटीच बोलत होती. हार कोणत्या फुलांचा हवा, केसांत मोगरा की शेवंती, रूपालीला पहिल्या रांगेत कसं बसवायचं. मीनल ऐकत होती आणि दोन्ही हातांनी खोकं घट्ट धरून बसली होती, जणू ते उडून जाणार होतं.

रिक्षा कॉलनीच्या मैदानात वळली. मंडपाचे बांबू उभे राहिले होते. तंबूवाला शिडीवर चढून छताचं कापड ताणत होता आणि खाली बाबा शिडी धरून उभे होते. उन्हात त्यांनी सदरा काढून ठेवला होता. अंगात नुसता पांढरा बनियन.

मीनलनं बनियनकडे बघितलं. तो गुलाबी दिसत होता. बाबांचं कपाळ लाल दिसत होतं, हात लाल, पायाखालची मातीसुद्धा. तिनं वर बघितलं. छताचं कापड लालभडक होतं, आणि उद्या सकाळी बरोबर त्याच्याखाली ताई उभी राहणार होती.

रिक्षा नीट थांबायच्या आत मीनलनं खोकं ताईच्या हातात दिलं, खाली उडी मारली आणि धावत जाऊन शिडीचा दांडा धरला.

“काका,” ती वर बघून म्हणाली, “जरा खाली येता का? तुमच्याकडे पांढरं कापड किती आहे?”