फळीचं भांडण

आमच्या घरातून कोणी डोंगरावर निघालं की त्याच्याशी भांडायचं असतं. नियम सासूबाईंचा. सासरे पर्वतातले वाटाडे होते. हौशी लोकांना दोराला बांधून शिखरावर न्यायचे आणि परत आणायचे. एका सकाळी निघताना त्यांनी चहा छान झालाय म्हणून सांगितलं, स्वतःचा कप विसळून ठेवला आणि दारातून वळून म्हणाले, "सांभाळून राहा गं." ते परत आलेच नाहीत.

"आयुष्यात कधी कप विसळला नव्हता त्या माणसानं," सासूबाई अजून सांगतात. "मला तेव्हाच कळायला हवं होतं."

तेव्हापासून या घरातून गोडीगुलाबीनं कोणी जायचं नाही. भांडण काढायचं आणि अर्धवट सोडायचं, म्हणजे माणूस ते पुरं करायला परत येतो. आमचे हेही वडिलांच्याच धंद्यात. लग्नानंतर ते पहिल्यांदा निघाले तेव्हा मी डोळ्यांत पाणी आणून दारात उभी, तर सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "रडतेस काय? भांड!" मला कारणच सुचेना. शेवटी त्यांच्या मोज्यांच्या वासावर घसरले, आणि वास खरोखरच असा होता की भांडणाला आपोआप रंग चढला. पुढं कधी कारण शोधावं लागलं नाही. आमचे हे तेवढी सोय करूनच ठेवतात.

या वेळी फळी होती. ओट्याच्या वर डबे ठेवायला एक फळी हवी म्हणून मी कधीची मागे लागले होते. सुतार शेजारीच राहतो, पण त्याला बोलवतील तर शपथ. "मी कड्यावर खिळे मारून माणसं टांगतो, तुझे डबे टांगता येणार नाहीत का?" असं म्हणत ह्यांनी स्वतःच फळी ठोकली, आणि चांगली वाकडी ठोकली. साखरेचा डबा ठेवला की तो हळूहळू घसरत जाऊन मिठाच्या डब्याला टेकतो.

"फळी सरळ आहे," हे म्हणाले. "घर वाकडं आहे."

"अहो, घर तुमच्या वडिलांनी बांधलंय!"

"माझ्या वडिलांना मध्ये आणू नकोस."

"मी डब्यांबद्दल बोलत होते. घर तुम्ही काढलंत!"

लेक शाळेला निघाली होती, ती दप्तर पाठीला लावून दारातच थांबली. "बाबा, डबा अजून सरकतोय," तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. झालं, हे खवळले. दोर, काटेरी बूट, बर्फाची कुऱ्हाड, सगळं पाठीवर चढवलं. "आल्यावर दाखवतो तुम्हाला सरळ म्हणजे काय ते!" म्हणाले आणि दार आपटून गेले.

"छान झालं," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "दारही आपटलं."

त्या खेपेला ह्यांच्याबरोबर एक दातांचे डॉक्टर होते. गोल, हसतमुख, शिखरावर फोटो काढून दवाखान्यात लावायची हौस असलेले. दुसऱ्या दिवशी दोघं उतरायचे होते, पण दुपारी हवा फिरली. गल्लीतले पत्रे वाजायला लागले आणि डोंगर दिसेनासा झाला. त्या दिवशी ते उतरले नाहीत. मी स्वतःला सांगत राहिले, भांडण अर्धवट आहे, येतील.

सकाळी ओव्हरकाका दारात आले. काका गाइडांच्या ऑफिसात वायरलेस सांभाळतात. वाक्य संपलं की 'ओव्हर' म्हणायची त्यांना इतकी सवय आहे की भाजीवाल्यालाही ते "अर्धा किलो, ओव्हर" असं सांगतात. त्या दिवशी ते ओव्हर म्हणाले नाहीत.

"वहिनी, ऑफिसात चला. दोघं वरच्या खिंडीखाली एका कपारीत अडकलेत. डॉक्टर ठीक आहेत, भरपूर चरबी आहे. वारा जरा पडलाय, आपली माणसं वर निघालीत. पण..."

"पण काय?"

"तो गोड बोलायला लागलाय."

सासूबाई खुर्चीतून उठल्या. "काय म्हणाला?"

"मला म्हणाला, तू फार चांगला माणूस आहेस. कालपर्यंत त्याच्या लेखी मी गाढव होतो. थंडी अंगात मुरली की असं होतं, मावशी. सगळं छान वाटायला लागतं, मग झोप येते. माणसं पोचेपर्यंत त्याला झोपू द्यायचं नाही. झोपला तर..."

"कप विसळला," सासूबाई पुटपुटल्या, आणि चपला न घालताच निघाल्या. लेकही शाळा सोडून आमच्याबरोबर आली.

गाइडांचं ऑफिस म्हणजे एक खोली. दांडीवर वाळत घातलेले दोर, भिंतीवर नकाशा, कोपऱ्यात शेगडी, टेबलावर वायरलेस. उरलेले गाइड शेगडीभोवती बसले होते. काकांनी माझ्या हातात माइक दिला. "बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एका वेळी एकानंच. संपलं की ओव्हर."

"अहो, मी बोलतेय. ओव्हर."

खरखर झाली. मग ह्यांचा आवाज आला, मऊ, लोण्यासारखा. "अगं, तू? किती बरं वाटलं. इथं छान आहे गं, ऊब आहे. ऐक, मी विचार केला. तुझंच बरोबर होतं. फळी वाकडी आहे. ओव्हर."

संसाराला इतकी वर्षं झाली, या माणसानं माझं बरोबर आहे असं एकदाही म्हटलं नव्हतं. ते ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. आणि आता ऐकलं तर नको झालं. भांडण मिटवून हे मोकळे होत होते. मला माझा नवरा हवा होता, मग फळी कशीही असो.

सासूबाईंनी पाठीत धपका घातला. "भांड!"

मी बटण दाबलं. "काही वाकडी नाही! फळी सरळ आहे. घर वाकडं आहे. ओव्हर."

"काय? ओव्हर."

"सरळ आहे म्हणते! स्वतः ठोकलेली फळी तुम्हाला कळत नाही? ओव्हर."

"अगं, पण डबा सरकतो ना. ओव्हर."

"डबाच मेला तिरका आहे. ओव्हर."

"डबा कसा तिरका असेल?" आवाजाला जराशी धार आली. "आणि घर वाकडं म्हणतेस? माझ्या वडिलांनी बांधलंय ते! ओव्हर."

"तुमच्या वडिलांना मध्ये आणू नका! ओव्हर."

सासूबाईंनी माइक हिसकावला. "तुझ्या बापाला ओळंबा धरता येत नव्हता! मी शेजारी उभी होते, मला विचार!" त्या ओव्हर म्हणायच्या विसरल्या, ते काकांनी त्यांच्या वतीनं म्हटलं.

मला एक गंमत कळली. आमच्या सगळ्या भांडणांत हे पहिलंच, ज्यात एकाचं पुरतं ऐकून मगच दुसरा बोलत होता. त्यामुळे ते फारच वाढत गेलं. शेगडीजवळचे गाइड तोंड फिरवून हसत होते, मी डोळे पुसत होते आणि ओरडत होते. माझा घसा बसला तेव्हा लेकीनं माइक घेतला. "बाबा, तू माझ्या सायकलचे ब्रेक उलटे बसवलेस, मी गटारात पडले होते, ते कुणाला सांगितलं नाही अजून! ओव्हर." मलाही ते नवीन होतं.

मध्येच डॉक्टरांचा बिचारा आवाज आला. "माफ करा हं. हे उठून बसलेत आणि मला विचारताहेत, फळी सरळ की वाकडी. मी काय सांगू? ओव्हर."

"सरळ म्हणून सांगा! ओव्हर."

मागून आरडाओरडा ऐकू आला. "सांगितलं," डॉक्टर म्हणाले. "ते म्हणताहेत, मला दातांतलंसुद्धा कळत नसणार. ओव्हर."

दुपार होईस्तोवर आम्ही तिघींनी आळीपाळीनं मोज्यांपासून सगळं उकरून काढलं. मग वायरलेसवर तिसराच आवाज आला. "पोचलो. दोघंही शुद्धीवर आहेत. पण हा माणूस एवढा का चिडलाय? ओव्हर."

मी माइक खाली ठेवला आणि सगळ्यांच्या देखत हमसून हमसून रडले.

दवाखान्यातून हे घरी आले ते सुताराच्या खांद्यावर हात टाकून, पायाच्या बोटांना पट्ट्या बांधून. बोटं वाचली होती. माझ्याकडे न बघता तडक स्वयंपाकघरात गेले आणि साखरेचा डबा फळीवर ठेवला. तो सरकला.

"बघ. वाकडी आहे."

"सरळ आहे," मी म्हणाले.

"वहिनी, माझ्या खिशात लेव्हल आहे," सुतार मदतीला आला. "लावून बघू का? आत्ता निकाल लागेल."

"नको!" आम्ही दोघं आणि सासूबाई एकदमच ओरडलो. त्यानं दचकून लेव्हल परत खिशात घातली.

सुतार गेल्यावर सगळ्यांनी चहा घेतला. हे थकले होते, शांत होते. चहा संपला तसे कप हातात घेऊन लंगडत मोरीकडे निघाले. "तू बस," मला म्हणाले, "दमली असशील. मी विसळतो."

"ठेव तो कप!" सासूबाई अशा कडाडल्या की लेक दचकून खुर्चीतून उठली.

ह्यांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कप तसाच टेबलाच्या कडेला ठेवून झोपायला गेले. खाली चहाचा गोल डाग पडला. मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण म्हटलं, आज राहू दे, पुढच्या खेपेला निघताना उपयोगी पडेल.