मागायला यावं लागतं

मोठ्या सरांच्या शोकसभेला अजून पाऊण तास होता आणि धाकट्या बाई शाळेतल्या सरांच्याच खोलीत त्यांचा चष्मा शोधत होत्या. फोटोपुढे चष्मा, पेन आणि शाळेची जुनी घंटा मांडायची, ही संस्थेच्या अध्यक्षांची टूम. माणूस गेला की त्याच्या वस्तूंना भाव येतो. जिवंतपणी त्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती, ती कधी कुणाच्या नजरेस आली नाही.

धाकट्या बाई म्हणजे सरांची मुलगी. वय वर्षं एक्कावन्न, पण वडील मोठे सर म्हटल्यावर ही धाकटी, हे गावाने ठरवून टाकलं होतं, आणि गावाने एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही ते बदलता येत नाही. ज्या शाळेत शिकल्या त्याच शाळेत त्या सत्तावीस वर्षं गणित शिकवत होत्या. त्याच भिंती, तोच जिना. जिन्याची सातवी पायरी तेव्हाही हलायची, अजून हलते.

त्यांच्या पर्समध्ये आज दोन कागद होते. एक आला होता दुसऱ्या गावाहून, कर्णबधिर मुलांच्या शाळेकडून: पुढच्या महिन्यापासून या, सोमवारपर्यंत कळवा. दुसरा त्यांनी स्वतः सकाळी लिहिला होता, राजीनाम्याचा. आणि काल संध्याकाळी अध्यक्ष दारात उभे राहून सांगून गेले होते, "उद्या सभेत मुख्याध्यापक म्हणून तुमचं नाव जाहीर करतो, बाई. सरांची खुर्ची घरातल्या घरात राहिली, गावाला बरं वाटेल."

"मला जरा बोलायचं होतं त्याबद्दल," बाई म्हणाल्या होत्या.

"सभेनंतर बोलू की निवांत. आणि सरांच्या फोटोसमोर तुम्ही नाही म्हणणार आहात का?" असं म्हणून ते हसले होते. हसणारच. हजार माणसांसमोर नाव जाहीर झाल्यावर नाही कोण म्हणणार?

सर या शाळेत एकूण त्रेचाळीस वर्षं होते. संस्था खासगी, नियम अध्यक्षांच्या मर्जीतले, त्यामुळे निवृत्तीचं वय येऊन गेलं तरी खुर्ची हलली नाही. सर भूगोल शिकवायचे. फळ्याकडे पाठ करून, मागे हात नेऊन नकाशा काढायचे, आणि पोरं किनारा चुकायची वाट बघत बसायची. तो कधी चुकला नाही. शाळा सुटल्यावर सगळे नळ स्वतः फिरून बंद करायचे. आणि त्यांची एक पद्धत गावभर माहीत होती: अर्ज आला की कागद त्याच दिवशी तयार करायचा, पाकिटात घालून वर नाव लिहायचं आणि टेबलाच्या खालच्या खणात ठेवायचं. बोलवायचं नाही, आठवण करायची नाही. "ज्याला हवंय तो मागायला येईल. नाही आला तर त्याचं ठरलेलं नाही," असं ते म्हणायचे. एक माणूस शाळा सोडल्याचा दाखला न्यायला अकरा वर्षांनी आला, आणि सरांनी बसल्या जागेवरून खण ओढून पाकीट त्याच्या हातात ठेवलं. ही गोष्ट लोक अजून कौतुकाने सांगतात. आजही तीन वक्ते सांगणार होते.

चष्मा वरच्या खणात नव्हता. बाईंनी खालचा ओढला.

सात-आठ पाकिटं होती. सगळ्यांत खालचं पिवळं पडलं होतं आणि त्यावर त्यांचंच नाव होतं, सरांच्या उभट अक्षरात.

बत्तीस वर्षांच्या असताना बाईंनी एकदा अर्ज दिला होता. याच कर्णबधिर मुलांच्या शाळेत जायचं होतं, कार्यमुक्त करावं म्हणून. सरांनी तो घेतला आणि म्हणाले, "ठीक आहे." घरी त्यावर अवाक्षर नाही. घराचा नियमच तो होता: उंबऱ्याच्या आत शाळा नाही, शाळेच्या आत बाबा नाही. बाईंनी आठवडा वाट पाहिली, मग महिना. सरांचा नकार असा मुका असतो, असं त्यांनी धरून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर गेल्या. त्याला एकोणीस वर्षं झाली.

पाकिटात कार्यमुक्तीचं पत्र होतं. खाली सही. तारीख अर्ज दिला त्याच दिवसाची. जावक क्रमांकाची जागा तेवढी कोरी.

बाईंनी तारीख पुन्हा वाचली. त्यांना रडू आलं नाही, राग आला. खुर्चीचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"चष्मा माझ्याकडे आहे, बाई, पुसायला घेतला होता," म्हणत म्हातारा कारकून आत आला आणि पिवळं पाकीट बघून दारातच थांबला.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"मीच टाइप केलं होतं ना."

"मग एका शब्दाने सांगायचं नाही?"

"ऑफिसातलं बाहेर बोलायचं नाही, हे सरांनीच शिकवलं." कारकून चष्मा पुसतच राहिला. "जूनमध्ये शाळा उघडली की सर विचारायचे, ते पाकीट न्यायला कुणी आलं होतं का? मी म्हणायचो, नाही. मग वेळापत्रक करायला बसायचे. सगळ्यांचे तास शाईने लिहायचे, बाई. तुमचे पेन्सिलीने."

"बाबांना मला एकदा विचारता येत नव्हतं?" बाईंच्या तोंडून या खोलीत पहिल्यांदाच बाबा हा शब्द निघाला.

कारकुनाने चष्मा त्यांच्या हातात दिला. मग म्हणाला, "तुम्हालाही येत नव्हतं."

सभा सुरू झाली. नकाशा झाला, नळ झाले, अकरा वर्षांचा दाखला तीनदा झाला, आणि तिन्ही वेळा लोकांनी मान डोलावली. बाई पहिल्या रांगेत बसून होत्या. दोन्ही बाजूंना बायका, मागे सगळं गाव, समोर फोटो. उठून जायला वाट म्हणून नव्हती. फोटोतले सर नेहमीसारखे बघत होते, काही न विचारता.

अध्यक्ष माईकशी आले. "आता एक आनंदाची घोषणा," एवढं बोलून त्यांनी घसा खाकरला आणि तेवढ्यात बाई उठल्या. व्यासपीठाच्या पायऱ्या चढून गेल्या आणि आपला राजीनामा त्यांच्या हातात दिला.

अध्यक्षांना वाटलं, भाषणाचा कागद असेल. त्यांनी पहिली ओळ पाहिली आणि चेहरा न बदलता कागदाची घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात सरकवला. वरून दोनदा थोपटलं. "सभेनंतर बघू," ते हळूच म्हणाले. "बसा खाली."

बाईंनी त्या खिशाकडे पाहिलं. खण काय आणि खिसा काय. खाली जाऊन बसलं की झालं, कागद आत सुखरूप आणि आपण वर्गावर.

त्या बसल्या नाहीत. "आत्ता बघा," त्या म्हणाल्या. "सही करून द्या."

"बाई, लोक बघतायत."

"बघू देत. गेल्या वेळी मी मागायला आले नव्हते. आज आलेय."

माईक चालू होता. पटांगणाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेलं. कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणीतरी शू केलं. अध्यक्ष हसून लोकांकडे बघत राहिले, कुणीतरी समजूत काढायला वर येईल म्हणून. आला तो कारकून, जावकाची वही काखेत मारून, आणि पायरीशी उभा राहिला.

बाईंनी हात पुढे केला होता, तो मागे घेतला नाही.